आपापल्या घरासमोर

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय 3



पवित्र शास्त्राचे कांहीं अध्याय असे आहेत कीं, उपासनेंत ते वाचावयास कोणी उभा राहिला म्हणजे वाचणाराची जीभ अडखळते आणि ऐकणारांचे डोळे जड होतात. नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय त्यांतलाच. त्यांत चमत्कार नाहीं, दृष्टांत नाहीं, प्रार्थना नाहीं. आहे ती केवळ नांवांची रांग. अमक्याच्या मुलानें इतका कोट बांधला, त्याच्या पुढें तमक्यानें बांधला, त्याच्या पुढें आणखी कोणी. धर्मशास्त्र विद्यालयांत असतां आम्ही विद्यार्थी ह्या अध्यायास थट्टेनें "मतदारांची यादी" म्हणत असूं, आणि आमच्या गुरुजींना तें ठाऊक होतें. ते रागावत नसत. एवढेंच म्हणत, "पाळक व्हाल तेव्हां कळेल, मंडळी म्हणजे यादीच असते." त्यांचें म्हणणें मला कळावयास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि जें कळलें तें एका लहान मुलीच्या मोडलेल्या पायावरून कळलें. ती हकीकत पुढें सांगतों. प्रथम हा अध्याय पाहूं.

इ. स. पूर्व 445 च्या सुमारास, अर्तहशश्त राजाच्या कारकीर्दीच्या विसाव्या वर्षीं, नहेम्या यरुशलेमेस आला. नगराचा कोट पडलेला होता, वेशी जळालेल्या होत्या. त्याच्याजवळ राजाचीं पत्रें होतीं, लांकडाचा हुकूम होता. पण गवंड्यांची फौज नव्हती. मग काम कोणीं केलें? याजकांनीं केलें, सोनारांनीं केलें, व्यापाऱ्यांनीं केलें, सुगंधी द्रव्यें करणारानें केलें. ज्याचे हात अत्तराशिवाय कशाला लागले नव्हते, त्यानें चिखल कालवला. शल्लूम नांवाचा अर्ध्या परगण्याचा अधिकारी आपल्या मुलींना बरोबर घेऊन कामावर आला. (आमच्या ज्या वडिलांना महिला मंडळाचें काम चहापोह्यांपलीकडे दिसत नाहीं, त्यांनीं हें बारावें वचन एकदां सावकाश वाचावें.) आणि ह्या सर्व यादींतून एक गोष्ट पुनःपुन्हां डोकावते. कोणी आपल्या घरासमोरचा भाग बांधला, कोणी आपल्या घराशेजारचा. घोडेवेशीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या याजकांनीं प्रत्येकानें ज्याचा त्याचा दारासमोरचा भाग उचलला. मशुल्लामाच्या नांवापुढें घर लिहिलेलें नाहीं, खोली लिहिलेली आहे. त्यानें आपल्या त्या खोलीसमोर काम केलें. असें करतां करतां बावन्न दिवसांत कोट उभा राहिला.

तकोवच्या सरदारांनीं मात्र त्या कामाला मान दिली नाहीं, हेंहि पवित्र शास्त्रानें लपविलेलें नाहीं. पण त्याच तकोवच्या साध्या लोकांनीं आपला वांटा पुरा करून आणखी एक वांटा घेतला, तें सत्ताविसाव्या वचनांत आहे. प्रत्येक मंडळींत दोन्ही प्रकारचे तकोवकर असतात. ते कोण, हें त्यांना व देवाला ठाऊक असतें, आणि पाळकाला थोडें उशिरां कळतें.

आतां आमच्या भिंतीची गोष्ट.

आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत आहे. 2024 पर्यंत ह्या जिल्ह्याला आपण सगळे अहमदनगर म्हणत होतों, आणि म्हाताऱ्या माणसांना अजूनहि "नगर" एवढेंच पुरतें. अमेरिकन मराठी मिशनचे सेवक 1831 सालीं नगरास आले, त्यानंतर खेड्याखेड्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकीं आमची एक. दगडी मंदिर, दोन मोठे लिंब, पाळकगृह, आणि बंद पडलेली एक जुनी शाळा, एवढें आमचें आवार. आवाराच्या मागें ओढा आहे. ओढ्यापलीकडे ऊसतोड करणाऱ्या लोकांची वस्ती आहे. ह्या वस्तीवरून गांवच्या नळकोंडाळ्याकडे जाणारी पायवाट आमच्या आवारांतून जात असे. किती वर्षांपासून, तें कोणालाच सांगतां येत नाहीं.

त्या वाटेचा आम्हांला त्रास होता, हें मी खरें सांगतों. तिच्यावरून पाणी नेणाऱ्या बाया येत, तशीं गुरेंहि येत. रात्रीं मंदिराच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव बसे, आणि रविवारीं सकाळीं शब्बाथशाळेचीं मुलें येण्याच्या आधीं मला बाटल्यांच्या कांचा वेंचाव्या लागत. संध्याकाळच्या प्रार्थनासभेस एकट्या येण्यास आमच्या बहिणी भीत. शिवाय जागेच्या हद्दीवरून वाद निघूं लागले होते. म्हणून भिंत घालावयाची असें ठरलें. दोन वर्षें वर्गणी गोळा केली. उपकारस्तुतीच्या सणांत बाजरीचीं पोतीं, कोंबड्या, केळीचे घड ह्यांचे लिलाव अशा जोरानें झाले कीं, एका डांगराला अकराशें रुपये आले. 2021 च्या पावसाळ्यापूर्वीं भिंत पुरी झाली, पुरुषभर उंच, वर सिमेंटाची कडा. समर्पणाच्या दिवशीं उपदेश मींच केला, आणि वचन घेतलें तें नहेम्याच्या सहाव्या अध्यायांतलें, बावन्न दिवसांचें. लोक आनंदानें रडले. मीहि रडलों.

वाट बंद झाली. वस्तीवरून कोणी तक्रार घेऊन आलें नाहीं, आणि कोणी आलें नाहीं म्हणून कोणाला तक्रार नाहीं असें आम्ही समजलों. पुढें माझ्या ध्यानांत आलें कीं, दसरा-दिवाळीनंतर त्या वस्तींत तक्रार करण्यासारखें माणूसच उरत नाहीं. नवराबायको मिळून एक "कोयता" धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं चार-पांच महिने त्यांना कारखान्याच्या रानांत जावें लागतें. मागें राहतात त्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या पदराला धरलेलीं पोरें. त्यांना आतां पाण्यासाठीं ओढ्याच्या पुलावरून, सडकेनें, अर्ध्या किलोमीटरचा वळसा पडूं लागला. आणि ती सडक उसाची. हंगामांत दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्या सडकेनें रात्रंदिवस धांवतात.

2022 च्या जानेवारींत एके संध्याकाळीं त्या वस्तींतली दहा वर्षांची मुलगी कळशी घेऊन सडकेच्या कडेनें येत असतां ट्रॉलीचा धक्का लागून पडली. जीव वांचला, मांडीचें हाड मोडलें. आईबाप दोनशें किलोमीटरांवर उसांत होते. आमच्या मंडळींतल्या एका तरुणानें तिला गाडींत घालून इस्पितळांत नेलें, म्हणून मला कळलें. मी भेटीस गेलों. खाटेजवळ तिची आजी बसली होती. मला पाहून ती उभी राहूं लागली. मीं तिला बसविलें. मग ती म्हणाली, "पाळकबाबा, पोर रोज भिंतीवरनं चढून जायाची. मीच तिला बोलले, चढूं नको बाई, ती देवाची भिंत हाय. सडकंनं जा म्हनलं."

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. ती आमची माफी मागत होती.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ज्या पुस्तकावरून मीं समर्पणाचा उपदेश केला होता तें पुन्हां उघडलें, आणि त्या कंटाळवाण्या तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवून वाचूं लागलों. प्रथमच मला दिसलें कीं, मीं त्यांत भिंत वाचली होती, वेशी वाचल्या नव्हत्या. त्या अध्यायांत दहा वेशींचीं नांवें आहेत! मेंढरांसाठीं वेस आहे, मासळीसाठीं आहे, खोऱ्याकडे जाणारी आहे, घोड्यांची आहे. नगराचा केर बाहेर टाकावयाची देखील एक वेस आहे आणि तीहि एका अधिकाऱ्यानें आपल्या हातांनीं बांधून तिला कवाडें लावलीं. आणि पाणीवेस आहे. नहेम्यानें भिंत घातली ती ज्यांनीं यावयाचें त्यांना येतां यावें, जावयाचें त्यांना जातां यावें, अशी. आमच्या भिंतीला फाटक एकच, तेंहि सडकेच्या बाजूला, आणि रविवारखेरीज त्याला कुलूप. मीं लोकांना बावन्न दिवस सांगितले. दहा वेशी सांगितल्या नाहींत.

पुढें पांचवा अध्याय वाचला. भिंत अर्धी चढलेली असतांनाच गोरगरिबांनीं आपल्याच भाऊबंदांविरुद्ध हांक मारली. शेतें गहाण पडलीं होतीं, व्याज चढत होतें, मुलेंमुली दास्यांत जात होतीं. एकीकडे देवाच्या नगराचा कोट उठत होता आणि त्याच्या सांवलींत भाऊ भावाला गिळीत होता. नहेम्याला राग आला. आधीं बांधकाम पुरें होऊं द्या, मग तुमचें पाहूं, असें तो म्हणाला नाहीं. त्यानें सभा बोलावली, सावकारांना उभें केलें, शेतें, द्राक्षमळे, घरें परत करावयास लाविलीं. आणि सातव्या अध्यायांत, भिंत व वेशी झाल्यावर, काय लिहिलें आहे? नगर मोठें व विस्तीर्ण होतें, पण आंत माणसें थोडीं होतीं.

बंधुभगिनींनो, आपण ज्यांची नातवंडें-पणतवंडें आहों त्यांपैकीं पुष्कळांना गांवच्या विहिरीवर पाय ठेवतां येत नव्हता. पोहरा धरून दूर उभें राहावयाचें, आणि कोणाला दया आली तर त्यानें वरून ओतावयाचें, अशी ती रीत. ही गोष्ट आमच्या मंडळींत आजहि घराघरांत सांगतात. 1868 सालीं पुण्यास जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य म्हटलेल्या लोकांना खुला केला. ते ख्रिस्ती नव्हते, लहानपणीं मिशनच्या शाळेंत शिकले होते इतकेंच. पण आपल्या घरासमोर बांधणें म्हणजे काय, तें त्यांना त्या याजकांइतकेंच कळलें होतें. 1927 च्या मार्च महिन्याच्या 20 तारखेस महाडास डॉ. आंबेडकर ह्यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. तें ऐकून आपल्या आजोबांचीं मनें कशीं भरून आलीं असतील! आणि त्यांच्याच नातवांनीं शंभर वर्षें पुरीं होण्याच्या आंत पाण्याची एक वाट बंद केली, व तिला समर्पणविधि केला. तो विधि करणारा मी.

वडील मंडळाची सभा बोलाविली. माझें म्हणणें इतकेंच होतें कीं, जेथें जुनी वाट होती तेथें भिंतीला एक दिंडी पाडावी. ही सभा गोड झाली असें मी लिहूं शकत नाहीं. ज्या वडिलांनीं भिंतीला सर्वांत अधिक पैसा दिला होता, आपल्या मुलाच्या पहिल्या पगारासकट, ते म्हणाले, "पाळक बदलून जातील, राहावयाचें आम्हांला आहे. कांचा पुन्हां आमच्या मुलांच्या पायांत जातील." हें बोलणें कठोर होतें, पण खोटें नव्हतें. दुसरे म्हणाले कीं, मुलीच्या औषधपाण्याला पैसे देऊं, परंतु भिंतीला हात लावूं नये. हें मात्र मला त्यांच्या कठोरपणाहून अवघड वाटलें. कारण आपण सर्वच असें करतों. जखमेला पट्टी बांधावयास आपली ना नसते. ज्या दगडाची ठेंच लागली तो दगड आपला निघाला, म्हणजे मग तो हलवावा असें वाटत नाहीं. अखेर मतें घेतलीं. नऊजणांपैकीं पांच एकीकडे, चार दुसरीकडे. लेंटच्या दिवसांत, एका शनिवारीं, दिंडी पाडली. गवंडी वस्तींतलाच होता.

ते वडील त्या दिवसापासून मंडळाच्या सभेस आले नाहींत. उपासनेस येतात, मागच्या बांकावर बसतात, प्रभुभोजन घेतात. मी त्यांच्या घरीं तीनदां गेलों. चहा मिळाला, ह्या विषयावर बोलणें मिळालें नाहीं. दिंडी झाल्यापासून आवारांतला नळ दोनदां चोरीस गेला आहे, हेंहि येथें लिहिलें पाहिजे; नाहीं तर त्यांच्यावर अन्याय होईल.

आतां दिंडी झाली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. मला वाटलें होतें कीं, झालें. उत्साहाच्या भरांत आम्हीं वस्तींत ब्लँकेटें वांटण्याचा कार्यक्रम केला. मंडप घातला, फलक लाविला, एकेकीला पुढें बोलावून छायाचित्रें घेतलीं. एक म्हातारी शेवटीं विचारती झाली, "बाबा, अजून किती टाइम उभं राहायचं?" पुढच्या महिन्यांत औषधांची तपासणी ठेविली तर चारच माणसें आलीं. तेव्हां आमच्या मंडळींतली एक विधवा बहीण, जी स्वतः पूर्वीं कोयता धरून गेलेली आहे, ती महिला मंडळांत म्हणाली, "त्यांना काय पाहिजे तें कोणी विचारलं का?" कोणीं विचारलें नव्हतें. मग ती गेली, आणि दोन आठवडे नुसती बसून आली. तिनें येऊन जें सांगितलें तें आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत आलें नव्हतें. त्यांना ब्लँकेट नको होतें. मुकादमाच्या वहींतला हिशेब कोणी तरी वाचून दाखवावा, ही त्यांची पहिली मागणी. उचल किती घेतली, किती फिटली, खाडे किती धरले, आणि ते खरेच पडले होते काय, हें त्यांना कळत नव्हतें. दरवर्षीं अंगठा उठत होता आणि दरवर्षीं देणें उरत होतें. दुसरी मागणी अशी कीं, शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत पोरांनीं बसावयाचें कोठें, तें सांगा. म्हणजे त्यांना उसांत बरोबर न्यावें लागणार नाहीं, आणि शाळा बुडणार नाहीं.

ह्या दोन्ही गोष्टी आमच्या घरासमोर होत्या, आणि दोन्हींना आमच्याजवळ साधन होतें. मंडळींत एक निवृत्त शिक्षक आहेत. ते रविवारीं दुपारीं लिंबाखालीं खुर्ची घेऊन बसतात व हिशेब वाचून देतात. कोणाशीं भांडत नाहींत. आंकडे कागदावर मांडून हातांत देतात, एवढेंच. परंतु मांडलेला आंकडा हातांत असलेलें माणूस वेगळ्या आवाजांत बोलतें, असें मीं पाहिलें आहे. बंद पडलेल्या शाळेची एक खोली झाडली, दिवा लावला. दिवाळीनंतर मुलें तेथें येऊन अभ्यास करतात. आमच्या बहिणी पाळीपाळीनें खिचडी करतात. पहिल्या वर्षीं मुलें चौदा होतीं.

आणि ह्या कामांत आम्हांला एक लाज वाटावयाजोगी गोष्ट सांपडली. कोण कोण उसाला जातो ह्याची यादी करूं लागलों, तों त्यांत आमच्या स्वतःच्या मंडळींतलीं तीन कुटुंबें निघालीं. आमच्या हजेरीपटावर त्यांच्या नांवांपुढें सलग "गैरहजर" लिहिलेलें होतें, आणि एका वार्षिक सभेंत त्यांच्या थंडपणाबद्दल खेदहि व्यक्त झाला होता. तो ठराव माझ्याच अक्षरांत आहे. बाहेर पाहावयास निघालों आणि आपल्या घरांतलेंच माणूस दिसलें. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीचें असेंच झालें होतें. रोजच्या वांटणींत कांहीं विधवांकडे दुर्लक्ष होत होतें, आणि कुरकूर झाल्यावरच प्रेषितांच्या तें ध्यानांत आलें. प्रेषितांनीं कुरकुरणारांना दटावलें नाहीं, सात माणसें निवडलीं. त्या वर्षीं नाताळाच्या आधीं आम्ही दोघे-तिघे जाऊन त्या तीन कुटुंबांना उसाच्या रानांत भेटलों. कोपीच्या दारांत, एका उलट्या घमेल्यावर भाकर ठेवून प्रभुभोजन दिलें. विधीच्या पुस्तकांत घमेल्याविषयीं कांहीं लिहिलेलें नाहीं.

गांवांत प्रश्न निघालाच. ह्यांना पोरें बाटवायचीं आहेत काय? असा प्रश्न ऐकून आपल्या लोकांना राग येतो. मला येत नाहीं. दुष्काळांत पोटासाठीं आलेले, असें आपल्या वाडवडिलांना लोक म्हणत, आणि त्यांतलें सगळें खोटें होतें असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? भुकेल्याला भाकर देतांना दुसऱ्या हातांत कांहीं धरूं नये, हें आपण त्या अनुभवांतून शिकावें. आम्हीं ग्रामपंचायतीच्या लोकांना बोलावून खोली दाखविली; तिचें दार उघडें असतें; गांवांतल्या एक शिक्षिका, ज्या ख्रिस्ती नाहींत, त्याहि आठवड्यांतून दोनदां येऊन गणित शिकवितात. अभ्यासाच्या वेळीं आम्ही गीत शिकवीत नाहीं, पत्रक देत नाहीं. आमच्यांतल्या कांहीं विश्वासू माणसांना हें रुचलें नाहीं. सुवार्ता सांगावयाची नाहीं तर मग आपण हें करतों कशाला, असें ते विचारतात. त्यांना माझें उत्तर असें : आमिष लावलेला गळ आणि वाढलेलें ताट ह्यांतला भेद मुलांनासुद्धां कळतो. ज्या शोमरोन्यानें वाटेंत पडलेल्याला उचललें, त्यानें त्याच्याकडून कांहीं कबूल करून घेतलें नाहीं. घेतलें असतें तर ती कथा प्रभूनें सांगितली नसती. आपल्या आशेचें कारण कोणी विचारील त्याला सौम्यतेनें उत्तर द्यावें, असें पेत्र शिकवितो. म्हणजे आधीं कोणाला विचारावेंसें वाटलें पाहिजे. एका आजोबांनीं मला विचारलें आहे. त्यांना मीं काय सांगितलें, तें त्यांच्या व माझ्यामध्यें राहूं द्या.

नहेम्याच्या पुस्तकांतलें आणखी एक स्थळ सांगतों. आठव्या अध्यायांत सर्व लोक एका ठिकाणीं जमतात आणि एज्रा त्यांना नियमशास्त्र वाचून दाखवितो. मंदिराच्या अंगणांत नव्हे. पाणीवेशीच्या समोरच्या चौकांत. जेथें पाण्याला जाणारा प्रत्येकजण येतो तेथें. लोक रडूं लागले, तेव्हां त्यांना सांगण्यांत आलें कीं, रडूं नका, जा, खा, प्या, आणि ज्यांच्यासाठीं कांहीं शिजलेलें नाहीं त्यांना त्यांचा वांटा पाठवा. हें वाचल्यापासून आमच्या उपकारस्तुतीच्या सणाची रीत थोडी बदलली आहे. पूर्वीं लिलाव चालतांना वस्तींतलीं मुलें भिंतीवर हनुवटी टेकून पाहात बसत, आणि आम्हांला तें मौजेचें वाटे. आतां लिलाव सुरू होण्यापूर्वीं धान्याचा पहिला वांटा बाजूला काढून ठेवतों. तो दिंडीनें पलीकडे जातो, आणि जेवणाच्या पंक्तीला पलीकडचे लोक इकडे येतात. डांगराचा भाव अकराशेंवरून उतरला आहे. कोशाध्यक्ष ह्याविषयीं मजकडे कुरकूर करतात, आणि त्यांचेंहि बरोबर आहे, कारण मंदिराचें छप्पर गळतें.

ती मुलगी आतां चालते. पाय किंचित् आंखूड राहिला आहे आणि थंडींत दुखतो, असें तिची आजी सांगते. पाण्याला ती दिंडींतूनच जाते. मी ओट्यावर असलों तर हांक मारते. नसलों तर पाळकगृहाच्या खिडकीवर कळशीनें एक टोला देऊन जाते.

वाचकहो, आपल्या मंडळीला कोठली भिंत आहे आणि तिला वेशी किती, हें मला येथून सांगतां येणार नाहीं. कोणाची भिंत विटांची असेल, कोणाची भाषेची, कोणाची जुन्या भांडणाची. एक विनंती करतों. येत्या रविवारीं उपासना सुटल्यावर पाळकानें व वडिलांनीं मंदिराच्या दारांत उभें राहावें, तेथून जीं घरें दिसतात तीं मोजावीं, आणि प्रत्येक घरांतल्या माणसाचें नांव येतें काय तें पाहावें. आमच्या दारांतून एकवीस घरें दिसतात. पहिल्या वेळीं मला सात नांवें आलीं होतीं. आतां अठरा येतात. उरलेलीं तीन घरें ओढ्याच्या वळणावर, बाभळींच्या आड आहेत. तिकडे मी ह्या आठवड्यांत जाणार आहें.